स्कॉटलंडच्या यजमानांचे पाणी

घटस्थापनेच्या दिवशी दुपारी एक माणूस आमचा जिना चढून आला आणि त्याने पाणी मागितले. त्या माणसाचे क्रियाकर्म काकांनी काही वर्षांपूर्वी केले होते. आदल्या दिवशी, सर्वपित्री अमावस्येला, त्यांनी गंगेत उभे राहून त्याच्या नावाने पाणी सोडले होते.

काका म्हणजे माझे घरमालक. विश्वविद्यालयाच्या ग्रंथालयात नोकरी लागली म्हणून मी मिरजेहून काशीला आले आणि रामघाटावर त्यांच्या घराची वरची खोली भाड्याने घेतली. ते विधुर होते, मूलबाळ नव्हते. घराणे तीर्थोपाध्यायांचे. दक्षिणेतून जी यजमान कुटुंबे काशीला येत, त्यांना त्यांच्या पूर्वजांची नावे सांगायची आणि त्यांच्याकडून श्राद्ध करवून घ्यायचे, हा त्यांचा पिढीजात व्यवसाय. खोली दाखवतानाच त्यांनी मला बजावले, "बाई, एक ध्यानात ठेवा. खालून कुणी एकदा हाक मारली तर ओ द्यायची नाही. मेलेला माणूस एकदाच हाक मारतो. जिवंताला गरज असते, तो दुसऱ्यांदा मारतो."

मी हसले. ते हसले नाहीत. पुढे मलाही ती सवय लागली. आई राहायला आली होती तेव्हा तिने आतून हाक मारली आणि मी पुस्तकात डोके घालून गप्प बसून राहिले. ती घाबरून बाहेर आली आणि मला गदागदा हलवू लागली.

काकांइतका भित्रा माणूस मी पाहिला नाही. ते माणसांना भीत नसत. घाटावरच्या गुंडांशी ते मोठ्या आवाजात भांडत, पुरात होडी काढून पलीकडे जात. त्यांची भीती होती ती नावांची. यजमानांच्या घरातल्या जिवंत माणसांच्या नावांची वही ते लाल फडक्यात बांधून एका कोनाड्यात ठेवत, मेलेल्यांची पांढऱ्या फडक्यात, समोरच्या भिंतीतल्या कोनाड्यात. दोन्ही फडकी एका वेळी सोडायची नाहीत. लालातले एखादे नाव पांढऱ्यात न्यायचे असले की त्या दिवशी ते जेवत नसत. दिवे लागल्यानंतर कुणाचेही नाव उच्चारायचे नाही, अगदी दूधवाल्याचेसुद्धा. "तो लंगडा", "ती भेलूपुरची", असे चाले. आणि घरात रिकामे भांडे राहू द्यायचे नाही. "रिकाम्या भांड्याशी कुणीतरी येऊन बसतं," ते म्हणत, आणि उजळणी केल्यासारखे सगळे तांबे, पेले, फुलपात्री भरून ठेवत.

या सगळ्याच्या मुळाशी एकच भय होते. माणूस मेल्यावर त्याला पाणी मिळते ते नावाने. नाव आणि गोत्र घेऊन कुणी ओंजळ सोडली तर ती त्याच्यापर्यंत जाते. नाव घेणारे कुणी उरले नाही तर तहान राहते, आणि ती तहान संपत नाही. "पोरी," एकदा ते मला म्हणाले (तोवर मी बाईची पोरी झाले होते), "नरकाचं मला काही वाटत नाही. नरकात निदान ओळखून शिक्षा देतात."

आता स्कॉटलंडच्या यजमानांविषयी. काकांच्या घरची हकिकत अशी की, कंपनी सरकारच्या काळात एक स्कॉटिश अंमलदार त्यांच्या खापरपणजोबांकडे संस्कृत शिकायला येई. तो तिकडच्या एका जमीनदार घराण्यातला धाकटा मुलगा. काशीतच तापाने गेला. जाताना त्याने गुरूंचा हात धरून मागितले की माझ्या वाडवडिलांची नावे वर्षातून एकदा तुमच्या नदीवर घ्या. खापरपणजोबांनी हो म्हटले. तेव्हापासून ते घराणे या घराचे यजमान. तिकडची माणसेही मोठी चिवट. दर पिढीत कुणीतरी, बहुधा घरातली एखादी म्हातारी, जन्ममृत्यूचे वर्तमान इकडे कळवत राहिली. गमतीने असेल, श्रद्धेने असेल.

वाडवडील म्हणजे किती मागे, हे त्या अंमलदाराने सांगितले नव्हते. काकांनी ते आपल्या जन्माचे काम मानले. मी राहायला आल्यावर इंग्रजी पत्रे लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. ते पाटावर बसून मराठीत सांगत, मी टेबलाशी बसून इंग्रजीत उतरवी. त्या घराण्याच्या गावातल्या चर्चच्या पाद्र्याला आम्ही कितीतरी पत्रे पाठवली.

"लिही, आपल्या अंगणातले दगड वाचून कळवावे. आणि विचार, अमक्याची आई कुठल्या घराण्यातली? मातुल कुळ कळल्याशिवाय पुढं जाता येत नाही."

पाद्री भला माणूस होता. तो थडग्यांवरचे शेवाळ खरवडून नावे उतरवून पाठवी. दगडांची गोष्ट प्रथम कळली तेव्हा काका दोन दिवस अस्वस्थ होते. "नाव दगडावर कोरून उघड्यावर ठेवायचं? येणाराजाणारा वाचणार. वाचलं म्हणजे हाक गेली. आणि हाक मारून पाणी कुणीच देत नाही! अरे रे, किती वेळा उठून बसत असतील बिचारे."

काही गोष्टींनी ते खूशही होत. थोरल्या मुलाला आजोबाचे नाव ठेवायची चाल तिकडेही होती, त्यामुळे वंशावळीत अलेक्झांडर आणि जेम्स, अलेक्झांडर आणि जेम्स असे पायऱ्यांसारखे खाली येत. "बघ, आपल्यासारखंच." जमीनदाराला त्याच्या गावाच्या नावाने ओळखतात हे वाचून ते म्हणाले, "म्हणजे इनामदारच की." मृत्यूच्या तारखांवरून ते जुनी पंचांगे काढून तिथ्या काढत. शस्त्राने मेलेल्याचे श्राद्ध चतुर्दशीला करतात, आणि या घराण्यात लढाईत पडलेले इतके निघाले की दुर्गाघाटावरच्या वेदशाळेतले गुरुजी, काकांचे जुने मित्र, म्हणाले, "तुमच्या यजमानांत घरी बिछान्यावर मरायची रीत दिसत नाही. बायकांच्या जिभेला भीत असतील." गोत्राचा प्रश्न काकांनी शास्त्राप्रमाणे सोडवला होता. ज्याचे गोत्र ठाऊक नाही त्याचे काश्यप.

देश स्वतंत्र झाला त्या सुमारास तिकडच्या शेवटच्या म्हातारीचे पत्र आले होते. घर आणि जमीन विकली, नातू समुद्रापलीकडे निघून गेला, लग्न केलेले नाही, एवढाच मजकूर. त्यानंतर काही नाही. म्हातारी वारली असे पुढे पाद्र्याने कळवले. नातवाचा पत्ता त्यालाही नव्हता.

परदेशी गेलेल्या माणसाची बारा वर्षे खबर नसेल तर तो मेला असे धरून पळसाच्या पानांचा पुतळा करून जाळायचा आणि पुढचे सगळे विधी करायचे, असे शास्त्र आहे. काकांनी बारा वर्षे मोजली. मग एका सकाळी ते पळसाची पाने घेऊन अंगणात बसले. डोक्याच्या जागी नारळ बांधला.

"ख्रिस्ताव माणसाला पळस?" गुरुजींनी विचारले.

"यजमानाला. ख्रिस्ताव तो त्याच्या घरी."

पुतळा होडीतून मणिकर्णिकेला गेला. संध्याकाळी काकांनी लाल फडके सोडले, त्यातले ते एकुलते स्कॉटिश नाव काढून पांढऱ्यात नेले, आणि त्या वंशाखाली आडवी रेघ ओढली. त्या दिवशी मी प्रथमच त्यांना घाबरले. माझे नावही कुठे तरी कोणाच्या लाल फडक्यात असेल असे मनात आले.

तर तो माणूस आला.

खालून "हॅलो" असा आवाज आला. आम्ही दोघेही गप्प राहिलो. मग पुन्हा "हॅलो" आला, तेव्हा काका म्हणाले, "जिवंत आहे. बघ कोण ते."

तो दाराच्या चौकटीतून वाकून आत आला. साठी उलटलेला, उंच, घामाने भिजलेला. त्याने टोपी काढून आपले नाव सांगितले. मला ते नाव भाषांतर करून सांगण्याची गरज नव्हती. काकांनी त्याच्याकडे पाहिले, मग त्याच्या पायांकडे पाहिले. बोटे पुढेच होती. त्याने पाणी मागितले.

काकांनी सवयीने तांब्या उचलला आणि तसाच खाली ठेवला. पितरांना पाणी देताना ते अंगठा आणि तर्जनी यांच्या मधून सोडतात. इतकी वर्षे याच हाताने, याच माणसाला.

"पोरी, तू दे," ते म्हणाले. "माझ्या हाताचं नको."

त्याने एका दमात पेला संपवला आणि आणखी मागितले. तहान फार होती.

त्याची गोष्ट साधी होती. तो कॅनडातल्या लाकडाच्या धंद्यात होता. पत्रे लिहायची त्याला सवय नव्हती. घर विकले तेव्हा जुनी कागदपत्रेही लिलावात गेली. आता काम सुटले, वय झाले, आणि आपण कोणाचे हे विचारायला जागा उरली नाही. आजी सांगायची की काशीत नदीकाठी एक घर आहे, तिथे आपल्या सगळ्यांची नावे आहेत. "ती मला एकदा वाचून दाखवा," तो म्हणाला. "तेवढ्यासाठी आलो."

मी ते काकांना सांगितले. त्या यादीतले शेवटचे नाव त्याचे स्वतःचे होते.

"सांग त्यांना, नवरात्रात मेलेल्यांची नावं वाचत नाहीत. दसऱ्याला वाचू."

त्याने मान डोलावली. तो दशाश्वमेधाजवळ हॉटेलात उतरला होता. रोज सकाळी अहिल्याबाई घाटावरून होडीत बसून तो रामघाटाला येई आणि आमच्या ओसरीवर मुकाट बसून राही. काका त्याच्याकडे चोरून पाहत. तो खोकला की ते पोथीवरून मान वर करत. त्याने जांभई दिली तरी चुटकी वाजवत. एकदा तो भिंतीला टेकून डोळे मिटून बसला, तर काका माझ्या खोलीत धावत आले. "पोरी, ऊठ. हाक मार त्याला. दोनदा मार."

पंचमीला तो आमच्या पायऱ्यांवर कोसळला. अंगात भयंकर ताप. गल्लीत गाडी येत नाही. दोन मल्लाह नावाड्यांनी उचलून त्याला खालच्या खोलीत आणून निजवले. डॉक्टर आले, तपासले आणि म्हणाले, "मियादी बुखार है, टायफॉइड. घबराने की बात नहीं. बस, पानी खूब पिलाइए."

पाणी हा शब्द ऐकून काका भिंत धरून खाली बसले.

पुढचे दिवस मी आठवू इच्छित नाही, पण तेच सर्वांत जास्त आठवतात. खालच्या खोलीत तो तापात बरळे, आणि बरळताना माणसांची नावे घेई. अलेक्झांडर, जेम्स. काका उंबऱ्याबाहेर उभे राहून ऐकत. "ते न्यायला आलेत," ते म्हणत. "मीच यांना इतकी वर्षं सांगतोय की हा तुमच्यातला आहे." मी शिकलेली बाई, मी त्यांना समजावत होते की ताप दूषित पाण्याने येतो. समजावताना माझ्याच हातावर काटा उभा राहत होता. त्या घरात खरोखरच माणसे वाढल्यासारखी वाटत होती. भरून ठेवलेली फुलपात्री मी सकाळी पाही, आणि पाणी कमी झाले आहे का याचा विचार न करण्याचा प्रयत्न करी.

गुरुजींना बोलावले. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि कपाळाला हात लावला. "वा! जिवंत यजमानाला तर्पणाचं पाणी पाजलंत. आता बारशाच्या घुगऱ्या वाटा."

"थट्टा नको," काका म्हणाले.

"थट्टा नाही करत, भाई. शास्त्रच आहे. ज्याचं क्रियाकर्म झालं तो परत आला तर त्याला पुन्हा जन्म द्यायचा. तुपानं न्हाऊ घालायचं, जातकर्म करायचं, नाव ठेवायचं. दुसरा इलाज नाही. पण त्याला सांगावं लागेल. न सांगता कुणाला जन्माला घालणार?"

सांगायचे काम माझ्यावर आले. ताप थोडा उतरला होता. काका उंबऱ्यात उभे होते, हात जोडून. मी इंग्रजीत सगळे सांगितले. बारा वर्षांचा नियम, पळसाचा पुतळा, दर वर्षीची ओंजळ. तो छताकडे बघत होता. मला वाटले तो हसेल, किंवा रागावेल. तो घाबरला. ते मला त्याच्या हातांवरून कळले. त्याने चादर घट्ट धरली.

"मग माझं नाव खोडून टाका," तो म्हणाला.

मी काकांना सांगितले.

"मेलेल्यांतून नाव खोडता येत नाही," काका म्हणाले. "परत जन्मच घ्यावा लागतो."

त्याने विचारले, "दुखतं का?" आणि मी नाही म्हटले.

अष्टमीला सकाळी अंगणात घंगाळ मांडले. त्यात तो साठी उलटलेला उंच माणूस गुडघे छातीशी घेऊन बसला. गुरुजींनी त्याच्या डोक्यावर तूप घातले, ते दाढीवरून ओघळले. आईच्या जागी कुणी बाई बसायला हवी होती. घरात बाई मी एकच. मी अविवाहित, तिशीतली. त्याचे ओले, तापलेले डोके मी मांडीवर घेतले आणि सोन्याच्या अंगठीने त्याच्या जिभेला मधतूप लावले. तो लहान मुलासारखा माझ्या चेहऱ्याकडे पाहत होता. मला तेव्हा हसू आले नाही.

मग नाव. जुने नाव चालणार नव्हते, ते जळले होते. घराण्यातले बाकीचे प्रत्येक नाव पांढऱ्या फडक्यात होते.

"राम ठेवा, केशव ठेवा," गुरुजी म्हणाले. "आणि गोत्र काश्यपच ना?"

"ज्या गोत्रानं जाळला त्याच गोत्रानं परत आणू? नाही. गोत्र माझं." काका घंगाळाजवळ खाली बसले. "आणि कोरं नाव नको. कोरं नाव अंगावर बसायला वर्षं लागतात, तापाला तेवढा धीर नाही. पंच्याहत्तर वर्षं टिकलेलं एक नाव आहे माझ्यापाशी."

गुरुजींच्या लक्षात आले. त्यांनी काकांचा दंड धरला. "वेडे झालात काय? नाव आणि गोत्र, दोन्ही? उद्या तुम्ही गेलात तर पाणी कुठल्या नावानं द्यायचं? जिवंत माणसाच्या?"

"माझ्या मागं देणारं आहे कोण? फुकट जाणारं नाव आहे ते."

"आणि तहान?"

काका वाकले आणि त्यांनी त्या माणसाच्या उजव्या कानात आपले नाव सांगितले.

दसऱ्यापर्यंत ताप गेला. गुरुजींनी त्याचे श्रेय शास्त्राला दिले, डॉक्टरांनी गोळ्यांना. काकांनी स्नान करून पांढरे फडके सोडले आणि अगदी वरपासून सगळी नावे वाचली, कोण कुणाचा, कुठल्या तिथीला गेला, घरात की लढाईत. तो ओसरीवर ताठ बसून ऐकत होता. शेवटच्या नावाआधी काका थांबले.

"पुढचा मी," तो म्हणाला.

"नाही. तो वेगळा," काका म्हणाले. "तो गेला." आणि त्यांनी ते नावही वाचले.

तो कॅनडाला परत गेला. दर वर्षी दिवाळीच्या सुमारास त्याचे एक कार्ड येऊ लागले. प्रकृती ठीक आहे, हिवाळा कडक आहे. खाली सही काकांच्या नावाची, इंग्रजी अक्षरांत. लाल फडक्यात काकांनी ते नाव आणि गोत्र लिहिले, पुढे "मुक्काम कॅनडा".

त्यानंतर काका बदलले. गल्लीत कुणी त्यांना नावाने हाक मारली तर ते दुसऱ्या हाकेलाही वळत नसत. "मला नाही," म्हणत, "ते आता परदेशात असतात." लोक हसत. रात्रीची भांडी भरताना मात्र ते आता स्वतःच्या अंथरुणाशी एक जादा तांब्या ठेवू लागले.

फाल्गुनात एका सकाळी ते उठले नाहीत. मी दारातून "काका" म्हणाले. ते पहिल्या हाकेला कधीच ओ देत नसत, म्हणून मी थांबले. मग दुसऱ्यांदा म्हणाले. मग तिथेच उभी राहिले, कारण तिसऱ्या हाकेविषयी त्यांनी मला काही सांगितले नव्हते.

सगळे गुरुजींनी केले. नाव घ्यायच्या जागी ते प्रत्येक वेळी थांबत, माझ्याकडे पाहत आणि पुढे जात.

आता गुरुजीही नाहीत. घर दुसऱ्यांनी घेतले. वरची खोली अजून माझ्याकडे आहे. पांढरे फडके माझ्या कपाटात आहे, लाल टेबलाच्या खणात. बायकांनी तर्पण करू नये म्हणतात, म्हणून मी पितृपक्षात घाटावर नुसते पाणी सोडते. स्कॉटलंडच्या यजमानांना नावाने, काकांना नाव न घेता. त्यांचे नाव मी इथेही लिहिलेले नाही. गेल्या दोन दिवाळ्यांना कॅनडाहून कार्ड आलेले नाही. बारा वर्षे थांबायचे असते. मी सत्तरीच्या जवळ आले आहे.